किलोमागे पंचेचाळीस

मी माणसं ओळखत नाही, बोचकी ओळखते.
बोराकायला लोक येतात तीन रात्री, चार दिवस,
आणि तिसऱ्या संध्याकाळी माझ्या काट्यावर चढतात:
दोन किलो आठशे. तीन किलो शंभर.
किलोमागे पंचेचाळीस पेसो,
घडी घालून, उद्या दुपारी, बोटीच्या आधी.

वाळूचंही वजन भरतं, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.
मी आधी झटकते, दारामागे, दोनदा,
शिवणीत अडकलेली बोटाने काढते,
मगच काटा. मापात पाप नको.
शेजारची हर्मिनिया झटकत नाही.
तिच्या घरावर स्लॅब पडला,
माझ्या घरावर अजून पत्रा.

खिशांत काय काय निघतं:
शिंपले (न्यायला बंदी आहे, तरी),
अर्धं बिस्कीट, ओली तिकिटं,
एका कोरियन पोराचा दुधाचा दात, कागदात गुंडाळलेला.
तो मी पोचवला, धावत, काग्बानच्या धक्क्यापर्यंत.
एकदा अंगठी.
हॉटेलात विचारलं तर म्हणाले,
बाई एक दिवस आधीच गेल्या,
आणि ते साहेब काही बोलत नाहीत.
अजून आहे माझ्याकडे. बटणांच्या डब्यात.

समुद्र दुकानापासून चारशे पावलांवर.
माझा जेरिक रोज होडी काढतो,
दोन्ही बाजूंना बांबू, निळं शीड,
पाहुण्यांना सूर्यास्त दाखवून आणतो.
माझा सूर्यास्त ड्रायरच्या काचेत.
गोल गोल फिरतो,
कधी लाल टॉवेलचा, कधी भगव्या चादरीचा,
चाळीस मिनिटांत घंटा वाजते.

वर्षातून एक दिवस यंत्रं बंद: गुड फ्रायडे.
त्या दिवशी धुणं धुतलं तर पाण्याला रक्त लागतं,
असं आई म्हणायची.
तीननंतर अंघोळ नाही, समुद्रात तर पाऊलसुद्धा नाही.
म्हणजे मला सुट्टी मिळते
ती नेमकी पाण्याला न शिवण्याची.
देवालाही चेष्टा कळते म्हणायची.

यंदा तरी गेले.
बारमधली गाणी बंद होती,
पाहुणे जरा बावरलेले,
शांततेचेही पैसे भरलेत की काय, अशा चेहऱ्याने.
माडाच्या बुंध्याशी बसले. आणि समोर
तो पिवळा फुलाफुलांचा शर्ट!
कॉलरवरचा आंब्याचा डाग मी काढला होता,
लिंबू आणि मीठ लावून, दोन वेळा.
आतला माणूस मात्र पहिल्यांदाच पाहिला.
पोट सुटलेला, हसरा,
बायकोच्या पाठीला क्रीम लावत होता,
खांद्यांच्या मधली जागा नेहमी सुटते, तिथे नीट.
हाक मारावीशी वाटली.
काय म्हणून मारणार? एक किलो सहाशे म्हणून?

तोच उठून आला. फोन पुढे केला:
आमचा एक फोटो काढाल का?
काढले. चार वाकडे आले, पाचवा बरा.
त्याने डोळ्यांपर्यंत हसून आभार मानले,
आणि मला ओळखलं नाही. का ओळखेल?

तीन वाजले. चर्चमधून लाकडी खुळखुळ्याचा आवाज,
घंटा त्या दिवशी मुक्या असतात.
मी क्रूस काढला छातीवर, जागची हलले नाही.
मी पाण्यात गेले नाही.
पाणीच आलं,
टाचांवरून, स्कर्टच्या काठावरून,
परत जाताना पायांखालची वाळू थोडी उकरून.
याला पाप म्हणत असतील
तर ते समुद्राच्या नावावर मांडा.

शनिवारी पहाटे शटर वर केलं.
पहिला माझा स्कर्ट काट्यावर टाकला, न झटकता.
तीनशे ऐंशी ग्रॅम.
एरवी तो तीनशे चाळीस भरतो.
चाळीस ग्रॅम समुद्र.
पावती फाडली, नाव घातलं, हिशोब केला:
एक पेसो ऐंशी सेंटावो.
सुट्टे नव्हते.
गल्ल्यात दोन टाकले.